सोनेतारण कर्ज, ठाणे: काउंटरवर काय मिळतं आणि आधी मनाशी काय ठरवावं

ठाण्यात पैशांची नड लागली आणि घरात थोडंफार सोनं असलं, तर त्यावर कर्ज मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका, वर्तकनगर, कळवा, घोडबंदर रोड, कुठेही जा. सरकारी बँक, सहकारी बँक किंवा सोनेतारणाचाच व्यवसाय करणारी कंपनी हाकेच्या अंतरावर सापडते. सेवा म्हणून पाहिलं तर ती जलद आहे, नियमांनी बऱ्यापैकी बांधलेली आहे आणि क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. तरीही दागिने अडकतात. काउंटरवर पोहोचण्याआधीच घरात काही वाक्यं बोलून झालेली असतात: ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे’, ‘बोनस आला की सोडवू’, ‘व्याज भरत राहिलं की झालं’. नडीत धीर लागतो आणि ही वाक्यं तो देतात. पण प्रत्येक वाक्याचा रुपयांत एक हिशेब असतो, तो काउंटरवर कोणी मांडून दाखवत नाही. म्हणून या सेवेचा आढावा त्या वाक्यांच्या अंगानंच घेतलेला बरा.

आधी हातात किती पडतं ते पाहू. घरात हिशेब असा होतो: आपल्याकडे पाच तोळे, पेढीच्या पाटीवर आजचा भाव अमुक, म्हणजे एवढे लाख. काउंटरवरचा आकडा त्याहून बराच खाली येतो. पहिली वजावट वजनातली. मंगळसूत्राचे काळे मणी, वाट्यांतली लाख, ठुशीचा गोंडा, नथीतले मोती, कुड्यांचे खडे, यांतलं काहीच सोनं म्हणून धरत नाहीत. एकूण १८ ग्रॅम भरणाऱ्या मंगळसूत्राचं निव्वळ वजन १४ ग्रॅम निघालं तर लगेच फसवणूक समजू नये. मात्र ४ ग्रॅम कशाचे कापले हे विचारावंच. सोन्याची पारख कर्जदाराच्या समोर झाली पाहिजे आणि शुद्धता, एकूण वजन, निव्वळ वजन, वजावट व किंमत लिहिलेला दाखला मिळाला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

दुसरी वजावट भावातली. मूल्यांकनाला दागिना जितक्या कॅरेटचा तितक्या शुद्धतेचा भाव घेतात. मागच्या ३० दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि आदल्या दिवशीचा बंद भाव, यांतला जो कमी तो. सोनं चढत असतं तेव्हा पेढीवरची पाटी आणि हा भाव यांत ठळक अंतर पडतं. घडणावळ आणि खरेदीवर भरलेला जीएसटी यांची काही किंमत धरत नाहीत. दागिना १८ कॅरेटचा असेल तर त्या प्रमाणात आकडा आणखी खाली येतो.

तिसरी गोष्ट कर्जाच्या मर्यादेची. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सोन्या-चांदीवरच्या कर्जाचे नवे नियम जाहीर केले. १ एप्रिल २०२६ ही ते अमलात आणण्याची शेवटची तारीख होती. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे, सावध बँका त्याहून कमी देतात. समजा धरलेला भाव ग्रॅमला १०,००० रुपये आणि निव्वळ वजन २० ग्रॅम. किंमत २ लाख, त्याचे ८५ टक्के म्हणजे १,७०,०००. मासिक हप्त्यांनी फेडणार असाल तर इथपर्यंत मिळू शकतं. पण वर्षाअखेरीस मुद्दल आणि व्याज एकदम भरायची योजना घेतली, जिला काउंटरवर ‘बुलेट’ म्हणतात, तर मर्यादा मुद्दल अधिक व्याज या बेरजेला लागते. १२ टक्के दरानं मग हातात साधारण १,५१,७०० च येतात. त्याच दागिन्यावर शेजारणीला जास्त मिळाले आणि आपल्याला कमी, अशी तक्रार होते तिच्या मुळाशी पुष्कळदा एवढाच फरक असतो.

इथेच पहिलं वाक्य आडवं येतं: ‘बसतंय तेवढं उचलू, पुन्हा कोण खेपा घालणार.’ नड ६०,००० ची आणि उचलले १,५०,०००. वरच्या ९०,००० चं १२ टक्क्यांनी महिन्याला ९०० रुपये व्याज सुरू होतं, आणि ते पैसे खात्यात पडून राहतील असं कोणत्याच घरात होत नाही. शाळेची फी, सोसायटीची थकबाकी, दवाखान्याचं बिल असं जे खरोखर भागवायचंय ते कागदावर लिहा, बेरीज करा आणि तेवढंच मागा. दागिना मोठा असेल तरी कर्ज छोटं घेता येतं, आणि त्याचा एक फायदा आहे: भाव घसरला तरी बँकेची किंवा कंपनीची मर्यादा लगेच ओलांडली जात नाही, जादा सोनं आणा किंवा पैसे भरा असा निरोप येत नाही.

‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे’ हे सगळ्यांत लाडकं वाक्य. खरोखर चार-पंधरा दिवसांचाच प्रश्न असेल तर सोनेतारण महाग पडतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ५०,००० रुपये, १२ टक्के, १५ दिवस: व्याज फक्त २४७ रुपये. पण प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का म्हणजे २५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५, आणि पारख करणाऱ्याचे ३०० धरले तर वर ५९५ रुपये. एकूण ८४२. वार्षिक दरात मांडलं तर ४१ टक्क्यांच्या आसपास. शुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, काही ठिकाणी माफही असतं, पण काही योजनांत किमान काही दिवसांचं व्याज लागतंच. इतक्या छोट्या मुदतीला मुदत ठेवीवरचं ओव्हरड्राफ्ट चांगलं: ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि वापरलं तेवढ्या दिवसांचंच व्याज. पगाराची आगाऊ उचल मिळत असेल तर तीही बरी. भावाकडून हातउसने घेणार असाल तर त्यालाही परतीची तारीख सांगून घ्या.

हेच कर्ज तीन महिन्यांसाठी घेतलं तर चित्र पालटतं. ५०,००० वर व्याज १,५०० आणि वरचे ५९५, मिळून २,०९५. तेवढीच रक्कम क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्क्यांनी तीन महिने थकली तर ५,२५० व्याज आणि त्यावर ९४५ जीएसटी, म्हणजे ६,१९५. शिवाय कार्डावर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज. ‘यंदा फक्त मिनिमम भरू’ असं म्हणणाऱ्याच्या कपाटात दोन पाटल्या असतील तर त्यानं पाटल्या तारण ठेवून कार्ड पूर्ण कोरं करावं, आणि मग ते कार्ड सहा महिने घरात ठेवावं. ही या सेवेची सर्वांत चांगली बाजू आहे आणि ठाण्यासारख्या नोकरदारांच्या शहरात तिचा उपयोग व्हायला हवा तेवढा होत नाही. दागिने गहाण टाकण्याची लाज वाटते, कार्डाच्या थकबाकीची वाटत नाही.

आता ‘बोनस आला की सोडवू’. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांपासून घोडबंदरच्या कार्यालयांपर्यंत दिवाळीवर कर्जं टांगलेली असतात. कायद्यानं किमान बोनस ८.३३ टक्के आहे, पण तो सरसकट पूर्ण पगारावर मोजत नाहीत. मोजणीला मर्यादा आहे. हिशेबासाठी महिना १४,००० रुपये धरले जात असतील तर वर्षाचा किमान बोनस होतो १३,९९४. एप्रिलमध्ये ५०,००० उचलले, दर १२ टक्के, आणि मधे काहीच भरलं नाही, तर सात महिन्यांनी दिवाळीत ५३,५०० लागतात. बोनसमधून त्याचा पाव हिस्साच निघतो, आणि त्याच बोनसवर फराळ, कपडे, गावाकडची खेपही अवलंबून असते.

हाच बेत थोडा बदलला तर जमतो. महिन्याला ५,५०० रुपये मुद्दलात भरत गेलात तर सात महिन्यांत ३८,५०० फिटतात, व्याज २,३४५ च्या आसपास येतं, आणि शेवटी उरलेले १३,८०० ते १४,००० बोनस भागवतो. म्हणून कर्ज घेताना एक प्रश्न विचाराच: मधे केव्हाही कितीही मुद्दल भरलेलं चालतं का आणि त्याला शुल्क आहे का? अनेक ठिकाणी ॲपवरून रोज हजार-पाचशेही भरता येतात. पिग्मीवाल्याकडे रोज शंभर रुपये देण्याची सवय असलेल्या घरांना, भाजीवाले, रिक्षावाले, डबे करणाऱ्या बायका यांना, हा मार्ग फार सोयीचा आहे.

दराबद्दल. ‘रुपया शेकडा आहे, काही जास्त नाही,’ असं सांगत लोक येतात. म्हणजे महिना एक टक्का, वर्षाला १२. बँकांत साधारण ९ ते १२ टक्के असतात, सोनेतारण कंपन्यांत योजनेप्रमाणे १२ पासून २४ टक्क्यांपर्यंत जातात. कंपन्यांच्या काही योजनांत पायऱ्या असतात, आणि माणूस इथेच फसतो. व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं तर १२ टक्के. तीन महिने रखडलं तर १८. त्याहून रखडलं तर २४. वरची पायरी लागली की ती बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून लागते. एक लाखावर सहा महिने काहीच भरलं नाही तर ६,००० च्या जागी १२,००० व्याज होतं. फलकावर मोठ्या अक्षरांत १२ लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, ते नियमित भरणाऱ्यासाठी असतं. ज्याचं उत्पन्न महिन्याला ठरलेलं नाही त्यानं अशा योजनेच्या वाटेला जाऊ नये. दर थोडा जास्त पण सरळ एकच, असं कर्ज घ्यावं. ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जांना मुख्य तथ्यांचं विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. त्यात सगळी शुल्कं धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी त्यातला तो एक आकडा शोधा आणि दुसऱ्या ठिकाणच्या त्याच आकड्याशी ताडून पाहा. मराठीत समजावून मागा. कर्जदाराला कळेल अशा भाषेत सांगणं त्यांना भाग आहे.

सर्वांत जास्त सोनं जातं ते ‘फिरवून घेऊ’ या वाक्यात. मुदत संपली, पैसे नाहीत, तेच कर्ज पुन्हा वर्षभरासाठी लिहून घेतलं. दीड लाखावर १२ टक्क्यांनी वर्षाला १८,०००. तीन वर्षं फिरवलं की ५४,००० गेले आणि दीड लाख आहे तिथेच. ग्रॅमला १०,००० या वरच्याच भावानं हे ५४,००० म्हणजे ५.४ ग्रॅम सोनं. कर्जाचं व्याज ग्रॅममध्ये मोजायची सवय लावून घ्या. घरात सगळ्यांना ते लगेच समजतं. नव्या नियमांत एकरकमी फेडीचं कर्ज १२ महिन्यांपुरतंच आहे आणि साचलेलं व्याज भरल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. नियम चांगला आहे. पण त्या व्याजासाठी बाहेरून हातउसने आणले जातात, किंवा भाव चढलेला पाहून ‘सोनं वाढलंय, त्यावर आणखी उचलू’ असा विचार सुरू होतो. वाढलेल्या भावावर घेतलेलं जादा कर्ज पुढे भाव उतरला तरी कमी होत नाही.

‘विकण्यापेक्षा बरं’ हे अर्धंच खरं. परतीची तारीख आणि पैशाचा स्रोत दोन्ही सांगता येत असतील तर तारण ठेवणं नक्कीच बरं. नसतील, तर घरात जे मोडकं सोनं पडलेलं असतं, एकटा उरलेला झुमका, तुटलेली साखळी, वळं, ते मोडून नड भागवणं शहाणपणाचं. चांगल्या घडणीचा, आठवणीतला दागिना मात्र मोडू नये, तो तारणालाच ठेवावा. घडणावळ परत मिळत नाही.

बँकेत जावं की कंपनीत? बँकेत दर कमी, पण पारख करणारा सराफ ठरावीक वेळेतच असतो आणि अर्धा दिवस मोडू शकतो. निघण्याआधी शाखेत फोन करून तो कधी असतो ते विचारा. कंपनीत तासाभरात काम होतं. रात्रीतून दवाखान्यात पैसे भरायचे असतील तर कंपनी, फीचा हप्ता पुढच्या आठवड्यात असेल तर बँक. घरी येऊन सोनं नेणाऱ्या सेवाही आहेत. त्यांत वजनापासून पाकीट सीलबंद होईपर्यंत सगळं तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. ते होत नसेल तर नको. ओळखीच्या सावकाराकडे जाणार असाल तर परवाना पाहा. तो सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयातून मिळतो आणि पावती देणं त्याला बंधनकारक आहे.

जाताना आधार, पॅन, फोटो आणि बँक खात्याचा तपशील लागतो. खरेदीची पावती असली तर न्या, नसली तर मालकी आपलीच असल्याचं लेखी द्यावं लागतं. २०,००० पेक्षा जास्त रक्कम रोख मिळत नाही, खात्यात येते. सोन्याचं बिस्किट किंवा वळं तारण चालत नाही. नाणी चालतात, पण ५० ग्रॅमपर्यंतच. घरूनच प्रत्येक दागिन्याचा पुढून-मागून फोटो काढा, हॉलमार्कचा शिक्का आणि सहा अंकी-अक्षरी क्रमांक दिसेल असा. ओळखीच्या पेढीवर आधी वजन करून घ्या. काउंटरवरच्या पावतीत ‘दागिने ४ नग’ असं मोघम लिहू देऊ नका. पाटल्या दोन, वजन इतकं. साखळी एक, वजन इतकं, असं हवं.

आणखी एक सूचना, जी फार थोडे लोक अमलात आणतात. सगळे दागिने एकाच कर्जखात्यात ठेवू नका. मंगळसूत्र एका खात्यात, पाटल्या दुसऱ्या. शुल्क दोनदा लागेल, पण घरात अचानक लग्न निघालं तर छोटं कर्ज फेडून मंगळसूत्र तेवढं सोडवता येतं. एकाच खात्यात असलं तर पूर्ण रक्कम भरल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी एकही नग हलत नाही.

‘घरात कळू द्यायचं नाही’ हेही वाक्य आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. तरी एका माणसाला तरी पावती कुठे ठेवली ते सांगा. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर वारसांना ते सोनं मिळतं, पण ते कुठे आहे हे त्यांना माहीत तर पाहिजे.

लिलाव एका रात्रीत होत नाही. आधी नोटीस, मग दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राखीव किंमत चालू किमतीच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तर ८५. येणं वळतं करून उरलेली रक्कम सात कामकाजी दिवसांत कर्जदाराला परत द्यावी लागते, ती मागायला अजिबात संकोच करू नका. ठाण्यात अडचण येते ती पत्त्याची. कळव्यात भाड्यानं राहत असताना कर्ज घेतलं, मग अकरा महिन्यांचा करार संपून घर बदललं, फोन नंबरही बदलला. नोटीस जुन्या दारावर जाते. घर बदललं की गॅस आणि शाळेसोबत या खात्यातही पत्ता बदलून घ्या आणि पोच ठेवा. अडचण आलीच तर नोटिशीची वाट न पाहता आधी शाखेत जाऊन थोडं तरी व्याज भरा. व्यवस्थापकाशी बोलून मुदत मागता येते, गप्प राहणाऱ्याला मिळत नाही. तक्रार आधी त्याच संस्थेकडे लेखी करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे; त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४८.

सोनं काढण्याआधी घरातले दुसरे दोन कागदही तपासा. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत १२ हप्ते झाले असतील तर जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, ठेवीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजानं. पीपीएफचं तिसरं ते सहावं वर्ष चालू असेल तर तिथून कर्ज वार्षिक १ टक्का व्याजानं मिळतं, रक्कम मात्र छोटी. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपनं फोनमधले संपर्क किंवा फोटो मागितले तर ते तिथेच काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत त्याला परवानगी नाही.

सोडवण्याच्या दिवशी घाई नको. पूर्ण फेड झाली की दागिने त्याच दिवशी, उशिरात उशिरा सात कामकाजी दिवसांत मिळाले पाहिजेत. त्यापुढे त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. पाकिटाचं सील आणि त्यावरची तुमची सही आधी पाहा, पाकीट समोर फोडायला सांगा, प्रत्येक नग काट्यावर ठेवून पावतीशी आणि फोनमधल्या फोटोशी ताडा, फासे आणि मळसूत्रं उघडून बघा. मग परतीच्या कागदावर सही करा, आणि कर्जखातं बंद झाल्याचं पत्र हातात घेऊनच बाहेर पडा.